निळी फ्लॉपी आणि एक जून

आमच्याकडे कॉम्प्युटरचं नवं विंडोज जाहिरातींनी कमी आणि शेजाऱ्यांनी जास्त खपवलं. एका घरात एक्सपी आली की आठवड्याभरात त्याच आळीतून मला दोन तरी निरोप यायचे. "जुन्यात काय बिघडलंय?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असायचं, "बिघडलं काई न्हाई. पण त्यांच्याकडं नवीन हाय." लोकांच्या पोटदुखीवर मी पंधरा वर्षं पोट भरलं. त्यामुळे मत्सराविषयी चार शब्द लिहायचा मला हक्क आहे असं मी समजतो. शिवाय तो मी स्वतःही भरपूर केलेला आहे.

मी इक्बाल आतार. भोरच्या बाजारपेठेत माझं दुकान होतं. आधी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचो, पुढे घरोघर कॉम्प्युटर यायला लागले तेव्हा पुण्याला जाऊन तेही शिकून आलो. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत कॉम्प्युटर उघडू शकणारा मी एकटाच, अशी काही वर्षं गेली. ती वर्षं फार सुखाची होती. एकटा असलेल्या माणसाला आपण हुशार आहोत की नुसतेच एकटे आहोत, हे कळत नाही.

शिवऱ्याचे दोन भाऊ आठवतात. एकाच घराचे दोन भाग, मधे एक भिंत. थोरल्याकडे मी एक्सपी टाकून आलो आणि चौथ्या दिवशी धाकटा दुकानात हजर. त्याचं मशीन जुनं, मेमरी इतकी कमी की एक्सपी टाकली असती तर सुरू होईपर्यंत माणसाचा चहा पिऊन झाला असता. मी त्याला परोपरीनं समजावलं. तो म्हणाला, "भाई, त्ये मला काई कळत न्हाई. दादाकडं चालू केलं की ती हिरवी टेकडी दिसती. मला बी टेकडी पायजे." एक्सपीच्या पडद्यावर हिरव्या टेकडीचं चित्र यायचं, ते अगदी श्रावणातल्या आमच्या माळासारखं दिसायचं. मी त्याच्या जुन्या विंडोजवर नुसतं ते चित्र लावून दिलं. दोन वर्षं गडी खूष होता. थोरला मात्र कुरकुरत होता, कारण धाकट्याची टेकडी लवकर उघडायची.

ज्यांनी हे काम कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. विंडोज बदलणं म्हणजे राहत्या घराला नवा रंग देणं. त्याचे दोन प्रकार. एक, जुन्या रंगावरच नवा हात मारायचा. काम झटपट होतं, सामान हलवावं लागत नाही, पण जुने पोपडे आत तसेच राहतात. दुसरा, भिंत खरवडून, पुसून, नव्यानं करायची. त्याला आम्ही फॉरमॅट मारणं म्हणतो. काम चांगलं होतं, पण आधी सगळं सामान दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावं लागतं. या खोल्यांना सी आणि डी अशी नावं असतात. सी पुसायची, डीमध्ये सामान ठेवायचं. फोटो, पत्रं, हिशेब ह्या दिसणाऱ्या वस्तू असतात, त्या कुणीही उचलून ठेवतो. पण काही सामान भिंतीतच असतं आणि ते भिंतीबरोबर जातं. मराठी फाँट हे तसलं सामान. फाँट म्हणजे अक्षरांचं वळण.

आणि त्या काळच्या मराठी फाँटची गंमत अशी होती की कॉम्प्युटरला मराठी येतच नव्हतं. आपण 'क' म्हणून जी कळ दाबायची ती त्याच्या लेखी इंग्रजीतलं एखादं अक्षरच असायचं. फाँट त्याला फक्त 'क'चा अंगरखा घालायचा. फाँट गेला की अंगरखा गेला, आणि आपलं सगळं लिखाण इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा कचरा होऊन समोर यायचं. त्यातही प्रत्येक फाँटच्या कळा वेगळ्या. एकाचं लिखाण दुसऱ्याला लावलं तर अक्षरं मराठी दिसायची, पण शब्द एकही लागायचा नाही.

माझ्याकडे एक देखणा फाँट होता. पुण्यातल्या एका छापखान्याचं मशीन दुरुस्त केलं तेव्हा मालकानं खुशीनं दिलेला. पुढे तो छापखाना बंद झाला. फाँट मी एका निळ्या फ्लॉपीवर ठेवला होता. फ्लॉपी म्हणजे फायली साठवायची तळहाताएवढी चौकोनी प्लास्टिकची डबी, आता कुणी पाहिलीही नसेल. दुकानातल्या मशीनवर मी तो फाँट मुद्दाम ठेवला नाही, न जाणो कुणी कॉपी करून नेला तर. तीन गिऱ्हाइकांकडे घातला होता. त्यातल्या दोघांची मशीनं मी स्वतःच पुढे पुसली आणि फाँट परत घालायचा कंटाळा केला. तिसरं मशीन मार्गासनीच्या सिस्टरांचं.

सिस्टर म्हणजे कुसुम सिस्टर. सरकारी नर्स म्हणून त्यांनी सगळी नोकरी वेल्ह्याच्या डोंगरात काढली. वाडीवस्तीवर पायी जाऊन बाळंतपणं केली आणि प्रत्येक बाळंतपण स्वतःच्या वहीत लिहिलं. तारीख, वार, वेळ, आईचं नाव, पोर रडलं की नाही, घरात त्या दिवशी काय होतं. सरकारला ह्याची गरज नव्हती, पण लोकांना होती. आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या माणसांचा वाढदिवस एकच, एक जून. शाळेत नाव घालायला गेलं की आईबाप म्हणायचे, "ज्वारी काढायच्या वक्ताला झाला." गुरुजी मग एक जून लिहून मोकळे. पटावरची अर्धी पोरं एकाच दिवशी जन्मलेली. त्यामुळे आपली खरी तारीख विचारायला माणसं सिस्टरांकडे यायची. एकदा दोन जुळ्या बहिणी नातवंडं घेऊन आल्या होत्या, थोरली कोण ह्यावरून त्यांचं लग्नाआधीपासून भांडण होतं. सिस्टरांनी वही काढून निकाल दिला. हरलेली बहीण चहा न घेता गेली.

निवृत्तीनंतर त्या वह्यांना वाळवी लागली. मुलानं पुण्याहून कॉम्प्युटर आणून दिला, मी फाँट घातला आणि शिकवलं. कळांचा तक्ता त्यांनी मागितला होता. मी दिला नाही. तोंडी शिकवलं. तक्ता दिला तर उद्या माझी गरज काय, असा हिशोब. सिस्टर एका बोटानं चार वर्षं टाइप करत राहिल्या. एक वही टाइप झाली की वाळवी घरभर पसरू नये म्हणून ती बंबात घालायच्या. शेवटी एकही वही उरली नाही. सगळे जन्म त्या मशीनमध्ये.

मग दोन हजार चार-पाचच्या सुमारास किकवीला शुभांगी उगवली. किकवीची सून, माहेर मार्गासनीच्या बाजूचं. लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, स्कुटीवरून घरोघर जायची. एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, जिथे जावं तिथे मला तिचं कौतुक ऐकावं लागायचं. ती चप्पल दाराबाहेर काढते. ती मशीनच्या आतली धूळ ब्रशनं झाडते. ती काय काय केलं ते एका वहीत लिहून घरच्यांची सही घेते. मी पंधरा वर्षांत कुणाला काही लिहून दिलं नव्हतं. मी गेलो की काहीतरी करायचो आणि मशीन चालू व्हायचं, त्यात एक जादूगाराचा रुबाब होता. हिनं पडदाच बाजूला केला. आणि बायका तिला स्वयंपाकघरात नेऊन बसवायच्या. मला कुणी कधी आतला चहा दिला नव्हता, ओटीवरचाच. मला तिच्या कामाचं जळायचं, वयाचं जळायचं, त्या आतल्या चहाचंही जळायचं. बायको, नसीम, म्हणायची, "इतकं जळताय तर दुकानात बल्ब तरी कशाला लावता?"

सिस्टरांचा मुलगा नातवाचे फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन यायचा आणि जुनं विंडोज पेन ड्राइव्ह ओळखत नसे. सिस्टरांनी मला फोन केला, एक्सपी टाकून दे. मी म्हणालो, उद्या येतो. पुढच्या आठवड्यात परत फोन, परत उद्या येतो. तिसऱ्या आठवड्यात फोन आला नाही. कळलं की शुभांगी येऊन गेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं गिऱ्हाईक, माझा फाँट, माझ्या सिस्टर. आपण तीन आठवडे ताटकळत ठेवलं हे मला आठवलं नाही, आठवायचंही नव्हतं.

दोनच दिवसांनी दुपारी शुभांगी माझ्या दुकानात आली. पहिल्यांदाच. चप्पल बाहेर काढून.

"भाई, सिस्टरांचा फाँट तुमीच टाकला होता नव्हं?"

"का? काय झालं?"

"चूक माझी हाय. फायली समद्या डीमधी ठिवल्या, पण पुसायच्या आधी फाँट बगाया पायजे होता. आता समदं विंग्रजीत दिसतंय. माझ्याकडचे तीन फाँट लावून बगितले, जुळत न्हाई. तुमच्याकडं आसंल ना? सिस्टर लई घाबऱ्याघुबऱ्या झाल्यात."

'चूक माझी हाय' हे वाक्य मी गिऱ्हाइकासमोर सोडाच, आरशासमोरही कधी म्हटलं नव्हतं. आणि ती धंद्यातल्या शत्रूसमोर सहज म्हणून गेली. ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. निळी फ्लॉपी हाताच्या अंतरावर, गल्ल्याशेजारच्या खणात होती.

"नाही," मी म्हणालो. "तो फाँट आता मिळत नाही. आणि फाँटचं कशावरून? व्हायरस असेल. फाईलच गेली असेल. फॉरमॅट मारणं म्हणजे खेळ नाही."

ती दाराकडे वळली. "सापडला तर सांगा," म्हणाली आणि गेली. दुकानामागच्या घरातून नसीमनं विचारलं, "ती निळी फ्लॉपी कसली हो मग?" मी म्हटलं, तुला त्यातलं काही कळत नाही. ती एखादे दिवशी माझ्या मागे शुभांगीला फ्लॉपी काढून देईल ह्या भीतीनं मी ती खणातून उचलली आणि वरच्या फळीवर, जुन्या रेडिओच्या भल्यामोठ्या स्पीकरच्या मागे चिकटवून ठेवली. कुणाच्या बापाला सापडली नसती.

पुढचे पंधरा दिवस मी आनंदात होतो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचो, "किकवीच्या ताईंनी मार्गासनीच्या सिस्टरांच्या जन्माच्या नोंदी पुसल्या म्हणे. बघा बाबा, मशीन कुणाच्या हातात देताय ते." शुभांगीकडे गेलेला शिवऱ्याचा थोरला भाऊसुद्धा एक काम घेऊन माझ्याकडे परत आला.

मग मार्गासनीलाच एका दुकानदाराचं काम निघालं. काम आटोपून मी सिस्टरांच्या घरी गेलो. खरं तर त्यांची अवस्था बघायला गेलो, आणि मुख्य म्हणजे शुभांगीविषयी चार वाईट शब्द ऐकायला.

दाराशी तिची स्कुटी. आत सिस्टर कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या, डोळे मिटून. शुभांगी शेजारी, मांडीवर वही.

"लिवा सिस्टर, भागूबाई," शुभांगी म्हणाली. "बगू नगा. नुस्तं हाताला करू द्या."

सिस्टरांचं बोट कळांवर फिरलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. मोठा बी, लहान ए, मग अजून काही. शुभांगीनं ती वहीत उतरवली. एका रकान्यात इंग्रजी, समोर मराठी. भ, काना, ग, उकार.

मी दारातच थांबलो. काय चाललंय हे मला एका क्षणात कळलं. फाँट गेला होता, पण कळा तर त्याच होत्या. सिस्टरांनी चार वर्षं ज्या कळा दाबल्या त्याच अक्षरांचा तो कचरा होता. मी तक्ता दिला नाही म्हणून त्या बोटांनीच शिकल्या होत्या आणि तो तक्ता बोटांत अजून शाबूत होता. हे इतकं सरळ होतं की मला सुचायला हवं होतं. मीच तर त्यांना शिकवलं होतं. मला सुचलं नाही, कारण मी लपवण्याचाच विचार करत होतो.

"ये इक्बाल," सिस्टर म्हणाल्या. "ही पोरगी पंधरा दिस रोज दुपारची येतीय. निम्म्याच्या वर अक्षरं लागली बग. जोडाक्षरं ऱ्हायलीत. काल एका बाईचं आख्खं नाव वाचलं आमी."

शुभांगी उठली आणि आतून चहा घेऊन आली. तिथे तो आतला चहा मला पहिल्यांदा मिळाला, तोही तिच्या हातचा. पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण मला त्या वेळी पश्चात्ताप झाला नाही. मला एवढंच वाटलं की ही माझ्याशिवाय हे पुरं करणार. मग सगळ्या खोऱ्यात हिचं नाव होणार आणि माझ्या फाँटची किंमत शून्य. निळी फ्लॉपी आजच्या आज काढली तर श्रेय अजून माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती घेऊन मी गेलो. शुभांगीला मुद्दाम बोलावून घ्यायला लावलं. दोघींच्या समोर खिशातून फ्लॉपी काढली आणि म्हणालो, "सापडली. फाँट मिनिटात येईल."

फ्लॉपी आत सरकवली. मशीन घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. पडद्यावर आलं की ह्या फ्लॉपीवर काहीच नाही, नव्यानं फॉरमॅट करायची का? मी काढली, पुसली, परत घातली. चार वेळा. तेच.

मग मला स्पीकर आठवला. स्पीकरच्या पोटात चुंबक असतो, आणि चुंबकाशेजारी फ्लॉपी ठेवली की तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायचो. रेडिओ दुरुस्त करण्यात ज्याची निम्मी हयात गेली त्यानं फ्लॉपी लपवायला जागा शोधली ती ही.

"कवा सापडली?" शुभांगीनं विचारलं.

खोटं तयार होतं. पण सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, नाडी बघताना बघतात तसं.

"हरवली नव्हती," मी म्हणालो. "त्या दिवशीही होती. खणात होती, चांगली होती. मी दिली नाही."

मग सिस्टर म्हणाल्या, "इक्बाल, बाई अडली म्हंजी सुईण बी धावती न् नर्स बी धावती. कुणाच्या हातनं मोकळी झाली ते कुणी बगत न्हाई. बगत बसलं तर बाई जाती." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

शुभांगीनं वही माझ्यापुढे सरकवली. "जोडाक्षराची कळ कशी दाबायची ते तुमीच शिकवलं आसंल की. त्ये तेवढं सांगा."

सांगितलं. त्या दुपारी आणि नंतरच्या सात-आठ दुपारी आम्ही तिघं बसलो. तक्ता पुरा झाल्यावर शुभांगीनं एकेक खूण शोधून ती तिच्या फाँटमधल्या अक्षरानं बदलत नेली, आणि वळण वेगळं असलं तरी नोंदी ओळीनं जिवंत व्हायला लागल्या. मी जे काम पंधरा वर्षं केलं त्यात इतकं चिवट काम मी केलं नव्हतं. तिनं तक्त्याच्या माथ्यावर लिहिलं होतं, 'इक्बालभाईंचा फाँट'. मी म्हटलं, खोड ते. तिनं खोडलं नाही. माझ्या जागी ती असती तर तिनं फ्लॉपी दिली असती, हे मला ठाऊक होतं. धंद्याचं जळणं त्या दिवशी संपलं आणि हे नवीन सुरू झालं. ते जास्त चावतं.

शेवटच्या दिवशी सिस्टरांनी पहिली नोंद शोधली ती शुभांगीच्या आईच्या बाळंतपणाची. "ही बग तू," त्या म्हणाल्या आणि मोठ्यानं वाचलं. तारीख होती, वार होता. गौरी जेवायचा दिवस. दुपारची वेळ. मुलगी. उशिरा रडली. घरात पुरणाचा वास, सवाष्णी ताटावरून उठून आल्या.

शुभांगीचा हात तोंडावर गेला. "म्हंजी मी जूनची न्हाईच," ती म्हणाली. "शाळेपास्नं एक जून लिवतीया मी." आणि ती इतकी रडली की सिस्टर म्हणाल्या, तवा उशिरा रडली ती आता भरून काढतीय.

मग सिस्टर माझ्याकडे वळल्या. "तुजा जल्म कुठला रं?"

"भोरचा. घरातच. सुईण होती, ती कधीच गेली. आईलाही आठवत नव्हतं."

"मंग तुजी एक जूनच ऱ्हायली," सिस्टर म्हणाल्या. त्या फायलीत शेकडो जन्म होते. त्यात माझा नव्हता, आणि शुभांगीचा होता. हेही मला सोसलं नाही.

सिस्टर आता नाहीत. दुकान मी बंद केलं, शुभांगीचं किकवीला जोरात चालू आहे. दर वर्षी एक जूनला सकाळी मला तिचा फोन येतो. "भाई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. म्या माझी एक जून सोडली, आता ती तुमची एकट्याची." मी हसतो, आभार मानतो, मुलाबाळांची चौकशी करतो.

तिचा खरा वाढदिवस कुठला ते मला पाठ आहे. आमच्या आळीत गौरी जेवतात, शेजारून पुरणाचं ताट येतं, आणि पहिला घास घेताना मला ती नोंद शब्दन् शब्द आठवते. तिचा नंबर मोबाईलमध्ये आहे. ह्या वर्षीही ताट आलं, ह्या वर्षीही मी मोबाईल हातात घेतला. फोन मात्र मी अजून एकदाही केलेला नाही.